जानेवारीची पाहुणी

जानेवारी लागला की आमच्या पार्ल्यातल्या नर्सरीत पुण्याहून टेम्पो येतो. पिटुनिया, पॅन्झी, डायन्थसच्या काळ्या पिशव्यांच्या गर्दीत एखाद्या वर्षी चार-दोन कुंड्या कॅल्सिओलारियाच्याही निघतात. इंग्रजीत हे स्लिपर फ्लॉवर, आमच्या नर्सरीवाल्याच्या भाषेत ‘पर्सवाला’. वरचा ओठ इवलासा, आणि खालचा पुरीसारखा टम्म फुगलेला, आतून पोकळ. रंग पिवळाधमक, त्यावर कुणी ब्रश झटकावा तसे तांबडे ठिपके. बघितल्याबरोबर बोट लावून दाबावंसं वाटतं, आणि नर्सरीवाला ते ओळखून असतो. “मॅडम, हात नका लावू, डाग पडतो,” असं तो आधीच सांगून टाकतो.

पुढचा प्रश्न सगळ्यांचा ठरलेला: “मुंबईत टिकतं का हो?”

नाही टिकत. नर्सरीवाला काहीही सांगो. मेक्सिकोपासून पार दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत पसरलेल्या या कॅल्सिओलारियांचा मुख्य मुक्काम अँडीज पर्वतात. कुंडीत मिळणाऱ्या जातीला नुसत्या कळ्या धरायलाच कित्येक आठवडे १० अंशांच्या आसपासच्या थंड रात्री लागतात. आपल्याकडे सांताक्रूझचा पारा १६ वर उतरला की ‘मुंबईकर गारठले’ अशी बातमी येते. त्यामुळे घरी बी पेरण्याच्या भानगडीत पडू नये. आणि बी तरी कसलं, नुसती भुकटी! मातीखाली झाकलं तर उजेडावाचून रुजत नाही, उघडं ठेवलं तर पंख्याच्या वाऱ्याने सोफ्याखाली जातं.

पण म्हणून ते घेऊच नये, हे मला पटत नाही. फेब्रुवारीत कुंडी मान टाकायला लागली की बायका हळहळतात, “माझ्या हाताला यशच नाही.” अहो, ही संकरित झाडं लंडनच्या थंडीतही बहर संपला की टाकूनच देतात. त्यांचं आयुष्यच एका बहराचं. दादरच्या फुलबाजारातून आणलेली शेवंतीची वेणी रात्री केसांतून काढताना आपण कुठे स्वतःला दोष देतो? इथे तर चांगले काही आठवडे वसूल होतात.

तेवढे आठवडे मात्र तिचे नखरे सांभाळायचे. पूर्वेची खिडकी उत्तम, पश्चिमेची नको. दुपारच्या उन्हात पानं तासाभरात लोळतात. पानं मोठी, मऊ, लवदार. त्यांच्यावर पाणी साचलं की मधला गड्डा कुजतो, म्हणून पाणी कडेने, मातीत. पानं उलटून बघायचा रोजचा नेम हवा, कारण मावा आणि पांढरी माशी यांना हिचा पत्ता कसा लागतो कोण जाणे. सातव्या मजल्यावरही लागतो. ग्रिलमध्ये खाली ताटली हवीच. ती झाडासाठी नाही, खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींसाठी.

माझं खरं कुतूहल हिच्या रानातल्या बहिणींबद्दल आहे. त्यातल्या बऱ्याच जणी मधमाश्यांना मध देतच नाहीत, तेल देतात! त्या फुगीर ओठाच्या आत वळलेल्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात, आणि तिथल्या खास माश्या ते तेल पायांनी गोळा करून पिल्लांच्या खाऊत मिसळतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पातागोनियातली एक जात तर त्याहून पुढची. तिच्या ओठावर एक पांढरी, मांसल पट्टी असते. एक छोटा पक्षी येऊन ती पट्टी खातो, तेवढ्यात त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि तो तसाच पुढच्या फुलाकडे जातो. आमच्या ग्रिलवर कबुतरं येतात. ती काहीही खातात, बदल्यात काय देतात ते मुंबईकरांना सांगायला नको.

पूर्वी हिला श्वानमुखाच्या, म्हणजे डॉगफ्लॉवरच्या कुळात बसवलं होतं. २००१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळं बिऱ्हाड करून दिलं. आता तिचं जवळचं नातं लागतं ते आफ्रिकन व्हायोलेट, ग्लॉक्सिनिया, एपिशिया या मंडळींशी, आणि इथे आपलं नशीब उघडतं. ही नातेवाईक मंडळी आपल्या दमट हवेत तक्रार न करता नांदतात. आफ्रिकन व्हायोलेटचं एक पान देठासकट ओलसर कोकोपीटमध्ये खोचायचं; महिन्या-दोन महिन्यांत बुडाशी कानाच्या पाळीएवढी पिल्लं दिसतात. आपल्या सह्याद्रीतही या घराण्यातली झाडं आहेत. श्रावण-भाद्रपदात घाटातल्या ओल्या कातळावर देठाच्या एकाच बाजूला ओळीने लागलेली निळी फुलं दिसली, तर ते रिंकोग्लॉसम असण्याची शक्यता फार.

माझी लाडकी मात्र याच घराण्यातली अकिमेनीस. खवलेदार, बोटाच्या पेराएवढे कंद. थंडीभर कोरड्या मातीत गुपचूप पडून राहतात, उन्हाळ्यात कोंब काढतात आणि पावसाळाभर जांभळी, गुलाबी फुलं देतात. म्हणजे वेळापत्रक अगदी मुंबईच्या सोयीचं. ‘पर्सवाली’ उपटली की जुनी माती टाकून द्यायची, कुंडी धुऊन उन्हात तापवायची, नवी माती-गांडूळखत भरून त्यात हे कंद आडवे पेरायचे, वर जेमतेम इंचभर माती. मार्चअखेरपर्यंत हे उरकावं. मे महिन्यात गावाला जाणार असाल तर कुंडी शेजाऱ्यांकडे द्या, आणि थेंबथेंब पाणी घाला असं तीनदा सांगा; शेजारी प्रेमाने बादली ओततात.