आधी ताबा, मग मुहूर्त

पुण्यात नव्या सदनिकांच्या किल्ल्या पुष्कळदा दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिल्या जातात. बिल्डरच्या कार्यालयात त्या दिवशी पेढे असतात, पुठ्ठ्याची भली मोठी सोनेरी किल्ली हातात धरून फोटो निघतो आणि त्या गडबडीतच तीन-चार कागदांवर सह्या होतात. त्यांतल्या ताबापत्रात ‘सदनिका प्रत्यक्ष पाहिली असून बांधकामाविषयी माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य बहुधा असतेच. गेल्या वर्षी पाडव्याच्या आगेमागे आमच्या पहिल्या घराची किल्ली मिळायची होती, तेव्हा ताबा घेणे आणि गृहप्रवेश करणे ही दोन कामे वेगळी ठेवायची, असे आम्ही ठरवले. अवघड गेले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवणे. कारण गुरुजींनी काढून दिलेली तारीख एकदा नातेवाइकांपर्यंत पोहोचली की गळती, उतार, फुटकी फरशी हे सारे त्या तारखेपुढे क्षुल्लक ठरते.

पाहणीच्याही आधी बघायचे ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेसारख्या यंत्रणेचा दाखला. काही ठिकाणी ते येण्यापूर्वीच ‘आतले फर्निचर तरी सुरू करा’ म्हणून किल्ली पुढे केली जाते. ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रमाणपत्र अंशतः असेल, तर त्यात आपली इमारत आणि आपला मजला आहे का, हेही वाचावे. घरखरेदीदारांच्या हितासाठी केलेल्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार हे प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो. म्हणजे टाळत बसण्याची सोय नाही, पण एखादा शनिवार-रविवार पाहणीसाठी काढता येणार नाही इतकी घाईही नाही.

आमच्या पाहणीला ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसियर आले होते. त्यांनी खिशातून एक जुने जाडसर नाणे काढले आणि दिवाणखान्यापासून सुरुवात करून एकेक फरशी वाजवत निघाले. खाली सिमेंट नीट भरलेले असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर पोकळ. अशी पोकळ फरशी आज धडधाकट दिसली तरी वर कपाटाचा पाय आला की तडकते. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी खडूने फुली मारली. न्हाणीघरात त्यांनी आधी बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे वळते की दाराकडे, हे पाहिले. मग जाळीत चिंधीचा बोळा कोंबून लादीवर बोटभर पाणी साठवले आणि दुसऱ्या दिवशी खालच्या, अजून रिकाम्या असलेल्या सदनिकेचे छत पाहायला लावले. विजेच्या पेटीतल्या ईएलसीबीवर, म्हणजे वीजगळती झाल्यास प्रवाह तोडणाऱ्या यंत्रावर, ‘टेस्ट’चे छोटे बटण असते, ते दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे, नाही तर ते यंत्र नुसतेच शोभेला लावलेले आहे, असे समजावे. सरकत्या खिडक्यांच्या पट्टीतली पाणी वाहून जाण्याची भोके पुट्टीने बुजलेली असतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

मोजपट्टीही न्यावी. रेराच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही, आणि कराराच्या नमुन्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. त्याहून अधिक तफावत वाटली तर सही करण्यापूर्वी विचारावे.

ही सारी यादी खोलीवार लिहून तिच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर बिल्डरच्या कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. ‘करून देतो हो, काळजी करू नका’ असे गोड बोलणारे अभियंते पुढच्या प्रकल्पावर निघून जातात, कागद मात्र राहतो. आम्ही ताबापत्रावर सहीच्या वर ‘सोबतच्या यादीतील कामे बाकी’ असे हाताने लिहिले. थोडी कुरकुर झाली, पण त्यांनी ते स्वीकारले. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी कायद्याने बिल्डरवरच आहे. मात्र मध्यंतरी आपण न्हाणीघराच्या फरश्या उखडून बदलल्या, तर गळतीचे खापर आपल्याच माथी फुटते. म्हणून सुतार घरात शिरण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे आणि कोपऱ्याचे फोटो काढून ठेवावेत, आणि केवळ रंग आवडला नाही म्हणून नव्या न्हाणीघराला हातोडा लावू नये.

कागदांत करारनामा आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा सरकारी उतारा) यांच्या प्रती, पार्किंगच्या क्रमांकाचे पत्र आणि आगाऊ घेतलेल्या देखभाल शुल्काची पावती एवढे तरी हाती असावे. कर्ज असेल तर मूळ करारनामा बँकेत जातो, त्यामुळे झेरॉक्स आधीच काढलेली बरी. आतल्या नळांचा आणि वायरिंगचा नकाशा आग्रहाने मागावा, कारण भिंतीत ड्रिल मारताना त्याचीच गरज पडते. विजेच्या मीटरचा आकडा ताब्याच्या दिवशीच टिपून ठेवावा आणि मीटर आपल्या नावावर झाला आहे का, ते पाहावे. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात चाळीस टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. दाराच्या कुलपाचा आतला भाग पहिल्याच आठवड्यात बदलावा. बांधकामाच्या काळात ती किल्ली किती हातांतून फिरली, याची नोंद कुणाकडेच नसते.

वास्तुशांत पुढे यथासांग झाली. तेव्हा पाइपचा गॅस सुरू झालेला नव्हता आणि दूध उतू घालायला छोटा सिलिंडर व शेगडी न्यावी लागली. हे आधी लक्षात घेतलेले बरे.

आमच्या सुताराला एक गोष्ट अजिबात पटली नव्हती: शयनगृहाच्या पश्चिमेकडच्या, बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर पावसाळा संपेपर्यंत कपाट करायचे नाही. बाहेरच्या भिंतीची खरी परीक्षा नाण्याने वा बादलीने होत नाही, ती आषाढात होते. जुलैत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल उमटली. फोटोसह लेखी कळवल्यावर बिल्डरची माणसे बाहेरून झुल्यावर उतरली आणि त्यांनी खिडकीभोवतीची फट भरून दिली. नंतरच्या पावसात भिंत कोरडी राहिली, आणि कपाटाचे माप सुताराने दसऱ्याला घेतले.