धूळ वाऱ्याची की चिखल नदीचा? समुद्रतळाचा गाळ वाचताना

सहाराची धूळ वाऱ्यावर अटलांटिकात येऊन पडते आणि सेनेगल नदी त्याच समुद्रात चिखल ओतते. मॉरिटानिया-सेनेगलसमोरच्या कोअरमध्ये, म्हणजे समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, दोन्ही मिसळलेले सापडतात. ओल्या काळात नदीचा वाटा वाढतो, कोरड्यात धुळीचा. तत्त्व सोपं आहे. घोळ होतो तो दोन्ही वेगळे करताना.

इथे कणांचा आकार मदतीला येतो. नदीचा चिखल बहुतांशी 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत, किनाऱ्याजवळ पडणारी धूळ त्याहून जाडी. मात्र मोजायचे ते फक्त जमिनीवरून आलेले कण, म्हणून समुद्री जीवांचे अवशेष आधी घालवावे लागतात. साधारण 1 ग्रॅम नमुना 35 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या 10 मिलीमध्ये फेस थांबेपर्यंत उकळा. सेंद्रिय भाग जातो. मग 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल 5 मिली, मिनिटभर उकळी. कवचांचा चुना विरघळतो. नमुन्यात चुना 70 टक्क्यांच्या वर असेल तर एवढं आम्ल पुरत नाही, बुडबुडे बघून वाढवा. शेवटी 100 मिली पाण्यात 6 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, 10 मिनिटं उकळी. हा टप्पा या किनाऱ्यावर टाळून चालत नाही: खालून वर येणाऱ्या थंड पाण्यामुळे डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं, भरपूर, आणि न विरघळता उरलेले त्यांचे सांगाडे आकाराने थेट धुळीत जमा होतात. जास्त उकळलं तर मात्र चिकणमातीच खाल्ली जाते.

प्रत्येक टप्प्यानंतर भरपूर पाणी घालून रात्रभर निवळू द्या. सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात, असं माझं मत. घाईने वरचं पाणी ओतलं की बारीक चिखल त्याबरोबर जातो आणि ओला काळसुद्धा वाळवंटी दिसतो. कणांचा आकार मोजणाऱ्या लेझर यंत्रात घालण्यापूर्वी 300 मिलिग्रॅम सोडियम पायरोफॉस्फेट घालून गुठळ्या मोडा. पाणी हवा काढलेलं हवं, नाहीतर बुडबुडे जाड कण म्हणून मोजले जातात.

कोअरमधली मूलद्रव्यं मोजणाऱ्या एक्स-रे स्कॅनरवर टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर झटपट मिळतं आणि अनेक ठिकाणी ते धुळीची खूण मानतात. पण हा नियम कोकणासमोर आणू नका. दख्खनच्या बेसाल्टमध्येच टायटॅनियम भरपूर, त्यामुळे तिथे ते नद्यांबरोबरही येतं.

टक्केवारीवरही विसंबू नये. नदीचा चिखल दुप्पट झाला, तर धूळ तेवढीच पडूनही तिचा टक्का घसरतो. त्यावर उपाय थोरियम-230 हे किरणोत्सारी मूलद्रव्य. समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून ते ठरलेल्या दराने तयार होतं आणि कणांना चिकटून लवकरच तळाला जातं. पाण्याची खोली ठाऊक असली की वर्षाला किती थोरियम उतरतं हे काढता येतं; गाळात ते जितकं विरळ, तितका गाळ भरभर साचलेला. सहारा हिरवा होता त्या काळात, म्हणजे सुमारे 11,700 ते 5,000 वर्षांपूर्वी, वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर पडणारी धूळ आजच्या निम्म्याच्या आसपास होती, हे या हिशेबातूनच निघालं.