हिरवा हौद आणि फॉर्मवर नसलेला रकाना

बडोद्याजवळ सिंधरोटच्या आमच्या वाडीतला पोहण्याचा हौद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिरवा झाला आणि 27 दिवस हिरवाच राहिला. त्यातले 15 दिवस पाणी तपासणाऱ्या एका लॅबपायी गेले. आता मे संपत आलाय, तळाच्या फरशीचे सांधे मोजता येतील इतकं पाणी नितळ आहे, तरी माझा राग गेलेला नाही. बडोद्याच्या आसपास सेवासी, भायली, अंकोडियाकडे आपल्यापैकी पुष्कळांनी वाड्या घेतल्या आहेत, सुट्टीला भाड्यानेही देतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वाडी भाड्याने द्यायला लागून 4 वर्षं झाली. कागदपत्रं, चादरी, गॅस, इन्व्हर्टर यांचा त्रास मला कधी झाला नाही. परदेशी पासपोर्टचा पाहुणा आला की 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, ते माझी सून करते. गुजरातेत दारूबंदी आहे हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं, नंतर सांगताना दोघांनाही अवघड होतं. बाकी वाडीवर राहणारे माळीभाई आणि त्यांची बायको घर आरशासारखं ठेवतात. प्रश्न आला तो हौदाचाच.

हौद 24 फूट लांब, 12 फूट रुंद, सरासरी 4 फूट खोल. म्हणजे 1152 घनफूट, घनफुटाला 28.3 लिटर धरले तर साधारण 32,500 लिटर. हा आकडा प्रत्येकाने आपापल्या हौदाचा काढून पंपाच्या खोलीत भिंतीवर रंगवून ठेवावा. मला तो 4 वर्षं माहीत नव्हता आणि आमच्या पूलवाल्याने, म्हणजे हौदाची देखभाल करणाऱ्या माणसानेही, कधी विचारला नव्हता.

एका सकाळी माळीभाईंचा फोन आला, "बेन, पाणी लीलुं थई गयुं." पूलवाला आला, क्लोरीन असलं की पिवळा रंग दाखवणारं किट लावलं, रंग गडद आला. "क्लोरीन भरपूर आहे, शेवाळाचं औषध टाकतो," म्हणाला. तीन दिवसांत दोनदा औषध, एकदा तुरटी. तुरटीने गाळ बसला, पाणी दोन दिवस बरं दिसलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पालकाच्या रश्शासारखं. मग तोच म्हणाला, "तुमच्या बोअरमध्येच काहीतरी आहे, लॅबमध्ये द्या."

मी बाटली भरून शहरात गेले. काउंटरवर विचारलं, "पिण्याचं की शेतीचं?" मी म्हटलं, पोहण्याच्या हौदाचं. त्या मुलीने फॉर्म उलटा करून पाहिला, तिसरा चौकोन नव्हताच. तिने "पिण्याचं" वर खूण केली. माझी बाटली चालणार नव्हती, त्यांचीच निर्जंतुक बाटली हवी आणि ती संपली होती, परवा या. परवा बाटली मिळाली, सिंधरोटला जाऊन पाणी भरून आणलं तोवर नमुने घेण्याची वेळ संपली. चौथ्या दिवशी नमुना घेतला, पैसे आगाऊ, रिपोर्ट 7 कामाच्या दिवसांनी. मध्ये 2 रविवार आणि 2 सुट्ट्या. मी रोज फोन करत होते. रोज वेगळा माणूस उचलायचा आणि रोज मला नमुन्याचा नंबर पहिल्यापासून सांगावा लागायचा. या काळात 4 बुकिंगचे आगाऊ पैसे परत केले. अहमदाबादच्या एका कुटुंबातली तीन मुलं फक्त हौदासाठी येणार होती. त्यांच्या आईला फोन करताना मला फार वाईट वाटलं.

15 व्या दिवशी कागद हातात आला. टीडीएस (विरघळलेले क्षार), कठिणपणा, क्लोराइड, नायट्रेट, सगळं छापील आणि सुबक. शेवटच्या ओळीत होतं, अवशिष्ट (पाण्यात उरलेलं) क्लोरीन: शून्य.

या एका शून्याने सगळा घोळ वाढवला. पाण्यातलं क्लोरीन हौदाच्या काठावर, पाणी काढल्याबरोबर मोजायचं असतं. बाटलीत, उन्हातून, गाडीतून नेलेल्या आणि दिवसभर टेबलावर पडलेल्या पाण्यात ते कसं उरणार? शिवाय निर्जंतुक बाटलीत जंतुतपासणीसाठी क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, हे मला नंतर कळलं. लॅबने हे कुठेही लिहिलं नाही, तोंडीही सांगितलं नाही. पूलवाल्याने कागद पाहिला, "बघा, शून्य आहे," म्हणाला आणि मी थांबवण्याआधी 10 गोळ्या टाकून मोकळा झाला.

त्या रात्री दांडिया बाजारात माझ्या दिरांकडे जेवायला गेलो होतो. त्यांचे मामेसासरे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, वय 78. त्यांनी रिपोर्टकडे पाहिलंच नाही. "वहिनी, तुम्ही क्लोरीन कोणतं टाकता, पातळ की गोळी?" मी म्हटलं, गोळी. "डब्यावर काय लिहिलंय?" माळीभाईंनी फोनवर फोटो पाठवला: ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक ॲसिड, 90 टक्के. काकांनी वरण-भात बाजूला ठेवून तिथेच कागदावर हिशेब मांडला.

या गोळीतून क्लोरीन सुटतं, पण मागे सायन्युरिक ॲसिड राहतं. पूलवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं असलं तर चांगलंच, कारण उन्हात क्लोरीन उडून जाऊ देत नाही. पण ते स्वतः उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं, ते तेवढंच राहतं. 200 ग्रॅमच्या एका गोळीमागे आमच्या हौदात ते सुमारे 3.4 पीपीएमने (लिटरमागे 3.4 मिलिग्रॅमने) वाढतं. दिवाळीनंतर साठेक गोळ्या गेल्या होत्या, म्हणजे 200 च्या आसपास, बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर उलटा धुतानाच्या पाण्याबरोबर गेलेलं त्यातून वजा. हवं किती? 30 ते 50. इतकं साचलं की क्लोरीन पाण्यात असतं, किटमध्ये रंग दाखवतं, पण त्याचा मोठा भाग या ॲसिडला बांधलेला राहतो आणि शेवाळ मरत नाही. पूलवाला म्हणत होता क्लोरीन भरपूर आहे, ते खरं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी हिरवं दिसत होतं, तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबला फोन करून विचारलं, सायन्युरिक ॲसिड तपासता का? उत्तर आलं, "तो पॅरामीटर आमच्या फॉर्ममध्ये नाही." पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 10500 आणि पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचं 3328. दोन्ही वेगळी आहेत. पाणी देताना हा 3328 आकडा चिठ्ठीवर लिहा आणि काय काय तपासणार ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

मग सायन्युरिक ॲसिड मोजायचं किट मागवलं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, पाणी आणि औषध मिसळून ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. आमच्या पाण्यात तो लगेच गेला, कारण किट 100 पर्यंतच मोजतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे निम्मं साधं पाणी मिसळलं, 80 आलं. म्हणजे 160.

उपाय एकच, पाणी काढणं. तीन चतुर्थांश काढलं आणि बोअरचं भरलं की 160 चे 40 होतात. पूर्ण रिकामा मात्र करू नका. उन्हाळ्यात कोरड्या फरश्या तापून सुटतात. पावसाळ्यात तर मुळीच नको, आमच्याकडे मही नदीचा काठ जवळ आहे, जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामा हौद खालून उचलला जातो, भिंतींना तडे जातात. काढलेलं पाणी क्लोरीन शून्यावर आल्याशिवाय झाडांना घालू नका. आमची चिकूची झाडं आहेत, म्हणून मी 3 दिवस थांबले.

भरल्यावर मकरपुऱ्याहून सोडियम हायपोचा, म्हणजे पातळ क्लोरीनचा, ताजा कारबा (मोठा कॅन) आणला. उन्हात पडलेला माल घेऊ नका, त्याचा जोर कमी झालेला असतो. सूर्य मावळल्यावर 5 लिटर टाकलं, 10 टक्क्यांच्या मालात ते सुमारे 15 पीपीएम होतं. भिंती ब्रशने घासल्या, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवला. फिल्टरवरचं दाबाचं मीटर आतली वाळू स्वच्छ असताना 0.8 दाखवतं, 1.3 ला गेलं की बॅकवॉश, आणि त्यानंतर रिन्स (वाळू खळबळून ते पाणी बाहेर सोडणं) विसरायचं नाही, नाहीतर घाण परत हौदात येते. पहिल्या दिवशी पाणी राखाडी झालं, दुसऱ्या दिवशी दुधाळ. तिसऱ्या दिवशी माळीभाईंनी मला काठावर बोलावलं, काही बोलले नाहीत, तळाशी पडलेला चमचा दाखवला. मला रडूच आलं.

पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवते. रोज संध्याकाळी माळीभाई वहीत तीन आकडे लिहितात, पीएच, क्लोरीन, मीटर. सायन्युरिक ॲसिड महिन्यातून एकदा मी स्वतः मोजते. आता रोज पातळ हायपो, गोळी फक्त आम्ही बाहेरगावी असलो तर. पूलवाला तोच ठेवला आहे, पण त्यालाही ती वही वाचूनच काम करायला लावते.

एक अगदी महत्त्वाचं राहिलं. उरलेल्या गोळ्या आणि ब्लीचिंगची पावडर एका कपाटात, एका डब्यात, एका मापाने कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. आणि पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आमच्या खोलीत दोन्ही डबे एकाच फळीवर शेजारी होते. ते मी त्याच संध्याकाळी वेगळे केले, गोळ्या आता घराच्या मागच्या खोलीत कुलपात आहेत.