भोगावतीकाठी, कामाच्या बदल्यात भाकरी

रोज पाच-सहा तास शेतात राबायचं, त्या बदल्यात राहायला खोली आणि घरचं जेवण. पैशांचा व्यवहार नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या 'वूफ' चळवळीनं ही पद्धत जगभर पोचवली. मी मात्र ओळखीपाळखीतून कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं भोगावती नदीकाठचं एक सेंद्रिय शेत गाठलं. फोनवर शेताच्या मालकांनी, दादांनी, अट घातली होती, "दोन दिसांसाठी येणार असशील तर नको. दोन दिस तर दावण्यातच जात्यात. गुऱ्हाळ चालू असंल तवा ये आणि ऱ्हा."

रंकाळा स्टँडवरून राधानगरी रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचं पाणी भोगावतीतून येतं, म्हणून जानेवारीतही इथं हिरवंगार असतं. सोप्याला लागून असलेली खोली मला मिळाली. कोपऱ्यात भाताची पोती रचलेली होती.

पहिलं काम पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचं. ऊस तुटून गेला की बरेच जण पाचट पेटवून देतात. दादा ते सरीआड सरी पसरून कुजू देतात. पाचट जरा बाजूला केलं तर खाली ओल आणि गांडुळं! पानांच्या कडा हात कापतात, म्हणून वहिनींनी मला त्यांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट दिला. मग जीवामृत, म्हणजे पिकाला घालायचं घरचं द्रवखत : २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एका एकराला एवढं पुरतं. रोज सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. हे सगळं सोपंच. अवघड आहे ती भांगलण. तणनाशकाची फवारणी सकाळभरात उरकते. इथं बायका ओळीनं उकिडव्या बसून खुरप्यानं दिवसच्या दिवस तण काढतात. सेंद्रिय माल महाग का, हे मला त्या सऱ्यांमध्ये कळलं.

गुऱ्हाळावर मात्र मी रमले. चरकातून रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं धडधडत असतात. उकळी फुटली की रानभेंडीचा चिकट रस घालतात. त्यानं मळी वर येते आणि झाऱ्यानं ती काढत राहायचं. ते काम माझ्याकडे होतं. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि तेवढ्यावर काहील उतरवायला सांगतो. पाक साधारण ११८ अंशांना आलेला असतो, पण तिथं थर्मामीटर कुणाकडेच नाही.

हा गूळ तांबूस-तपकिरी होतो. पिवळाधमक रंग यावा म्हणून घालतात ती हायड्रॉस पावडर इथं नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गिऱ्हाईक अजून रंग बघूनच गूळ उचलतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दादा आता एक-एक किलोच्या ढेपा करून ओळखीच्या घरांना थेट देतात.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्यांनी आधीच मनात धरावी. कामाच्या बदल्यात जेवण असं आपण म्हणतो, पण ते जेवण कुणीतरी रांधतं. वहिनी आमच्याबरोबरच भांगलायच्या आणि घरी आल्या की पुन्हा चुलीपुढे बसायच्या. भाकऱ्या, खर्डा, आमटी, वर "आणि घे गं" असा आग्रह. पाहुणा वाढला की त्यांचंच काम वाढतं. म्हणून मी संध्याकाळची भांडी आणि भाजी निवडणं माझ्याकडे घेतलं. भाकरी थापायलाही बसू लागले. तुम्ही गेलात तर निदान दोन आठवडे राहा, लांब बाह्यांचे कपडे न्या आणि शेतातून आल्यावर आधी स्वयंपाकघरात जाऊन काय करायचं ते विचारा.