द्राक्षाचा करार नेमका कोण करतं?

परदेशाशी व्यापार करार झाल्याची बातमी आली की लग्नात, एसटीत, दुकानाच्या ओट्यावर मला एकच प्रश्न येतो. "सरकारने करार केला ना आता? मग त्या गोऱ्या दुकानदारांची मिनतवारी अजून कशाला करता?" 24 जुलै 2025 ला ब्रिटनबरोबरच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हापासून तर हा प्रश्न जास्तच येतो. दिंडोरी तालुक्यात द्राक्ष पिकवणाऱ्या एका शेतकरी गटाच्या सर्टिफिकेशनचं काम मी बघतो. फवारणीच्या वह्या, माती-पाण्याचे रिपोर्ट, ऑडिटची तयारी, असलं सगळं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सरकार आयात शुल्काचं बोलतं, आणि ते बोलणं लागतंच. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं युरोपात बिनशुल्क उतरत आली आणि आपली शुल्क भरून. बांगलादेशाने शुल्क वाढवलं की पिंपळगावच्या द्राक्ष बाजारात भाव खाली येतो. तिथे आपण कितीही प्रमाणपत्रं भिंतीला लावली तरी उपयोग नाही, दिल्लीनेच ढाक्याशी बोलायला हवं.

पण शुल्क भरून माल बंदरात उतरला म्हणजे तो दुकानाच्या फळीवर गेला असं नाही. फळी सरकारची नसते. 1997 मध्ये युरोपातल्या किरकोळ विक्रीच्या बड्या साखळ्या एकत्र आल्या आणि शेती कशी करायची याची एक नियमावली त्यांनी तयार केली. तेव्हा तिचं नाव युरेपगॅप होतं, 2007 पासून ग्लोबलगॅप. कुठल्याही संसदेने ती मंजूर केलेली नाही. कागदावर ती ऐच्छिक आहे. बाग करणाऱ्याला मात्र विचारा, या प्रमाणपत्राशिवाय युरोपचा कोणता खरेदीदार त्याला दारात उभं करतो!

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. 2005 च्या जूनमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनाडाइन्स या कॅरिबियन बेटांच्या छोट्याशा देशाने हाच मुद्दा काढला. त्यांची केळी ब्रिटनला जायची. सरकारी नियम पाळूनही सुपरमार्केटं युरेपगॅपचं प्रमाणपत्र मागतात आणि लहान शेतकऱ्याला तो खर्च झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं. युरोपच्या प्रतिनिधींचं उत्तर साधारण असं होतं, की हे नियम आमचे नाहीत, ते दुकानदारांचे आहेत. संघटनेच्या ज्या करारात अन्नसुरक्षा आणि रोग-किडीचे नियम येतात, त्याच्या तेराव्या कलमात लिहिलंय की आपल्या हद्दीतल्या बिगर-सरकारी संस्थाही करार पाळतील यासाठी सरकारांनी वाजवी उपाय करावेत. वाजवी म्हणजे किती? पुढे कित्येक वर्षं त्या कराराच्या समितीत 'खासगी मानक', म्हणजे दुकानदारांचे असले नियम, कशाला म्हणायचं यावरच एकमत होईना. राजनैतिक बोलणी म्हणतात ती ही. तोवर ऑडिटर बागेत येऊन, चहा घेऊन गेलेला असतो.

2010 चा हंगाम जुन्या बागायतदारांना विचारा. क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे आपल्या भाषेत लिहोसिन, वेलीच्या काडीची वाढ आवरायला वापरलं जायचं. त्याचे अंश युरोपात सापडले. त्यांची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच. कंटेनर अडकले, साखळ्यांनी माल उचलायचं थांबवलं. ही मर्यादा मात्र दुकानदारांची नव्हती, युरोपच्या कायद्याची होती, हे लक्षात घ्या. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही बागांच्या नोंदणीची व्यवस्था 2006 पासून चालू होती, पुण्याजवळ मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा होती. त्यानंतर औषधांची यादी वाढली, तपासणी कडक झाली. आज एखादी पेटी कुठल्या बागेतली ते नंबरावरून निघतं. हे श्रेय सरकारी यंत्रणेला द्यायलाच हवं.

दुकानदार मात्र कायद्यावर थांबले नाहीत. काही साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात. शिवाय नमुन्यात एकूण किती औषधं सापडावीत यावरही बंधन, चार किंवा पाच. म्हणजे रिपोर्ट कायद्याने पास आणि खरेदीदाराकडे नापास. ऐकायला हे पर्यावरणाच्या भल्याचं वाटतं. बागेत काय होतं ते सांगतो. औषधांचा आकडा कमी ठेवायचा म्हणून माणूस तेच तेच औषध पुन्हा मारतो. केवडा रोगाची बुरशी त्याला सरावते, मग ते लागू पडत नाही. रोगशास्त्राचा कोणीही माणूस सांगेल की औषधं आलटून पालटून मारा. दुकानाचा कागद नेमकं उलटं करायला लावतो. हा नियम बसवताना पावसाळी ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केलेला कोणी त्या टेबलावर होता का?

ग्लोबलगॅपच्या संचालक मंडळात उत्पादक आणि विक्रेते यांना सारख्या जागा आहेत, हे खरं आहे. पण उत्पादक या शब्दात हजार एकरवालाही येतो आणि दोन एकरवालाही. दोन एकरवाल्याचा आवाज तिथवर जायचा तर त्याला कोणाच्या तरी खांद्यावर बसावं लागतं. म्हणून आपल्याकडचे खरे वकील मी द्राक्ष बागायतदार संघाला, 1991 मध्ये सहकारी संस्थांनी मिळून उभ्या केलेल्या महाग्रेप्सला आणि मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या शेतकरी कंपन्यांना म्हणतो. गटाचं प्रमाणपत्र मिळतं म्हणूनच लहान बागेला खर्च झेपतो. 2022 मध्ये सह्याद्रीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. त्यात एफएमओ आणि प्रोपार्को या नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या विकास वित्त संस्थाही होत्या. आता यात सरकार कुठे संपतं आणि बाजार कुठे सुरू होतो, ते तुम्हीच सांगा.

बिगर-सरकारी म्हटलं की सगळे भले असंही नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमचा प्रवास लांबला, भाडं चढलं. त्या हंगामात पनेटमधला, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यातला, घड उतरताना टवटवीत राहील की नाही याचा घोर सगळ्यांना होता. आमच्या व्यापाराचं मोठं नुकसान करणारी मंडळीही बिगर-सरकारीच निघाली.

मग ऑडिटचा फायदा काहीच नाही का? आहे. पूर्वी औषधाचे डबे घरात, पीठाच्या डब्याशेजारी असायचे. आता कुलूपबंद वेगळी खोली असते. मजुरांसाठी संडास आला, हातमोजे आले. थिनिंग-डिपिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला आणि घड औषधात बुडवायला, पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात. मागच्या ऑडिटला ऑडिटरबाईंनी मालकाला बाजूला थांबवलं आणि टोळीतल्या एका ताईंना विचारलं, "पगार तुमच्या हातात मिळतो की मुकादमाच्या?" ताई आधी मुकादमाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिशेब त्याच्याकडं असतो." हा प्रश्न बागेत येऊन याआधी कोणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो एका जर्मन साखळीच्या यादीतून आला, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हवी.

पाण्याचं मात्र गणित बसत नाही. यादीत विचारतात: ठिबक आहे का, मीटर आहे का, परवानगीचा कागद आहे का, साठवण आहे का. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं दाखवलं की टिक मिळते. ते शेततळं भरतं कशाने? बऱ्याच ठिकाणी बोअरच्या पाण्याने. जमिनीखालचं पाणी उपसून उघड्यावर ठेवायचं आणि उन्हाळाभर त्याची वाफ होऊ द्यायची, याला शाश्वत म्हणायचं. एकेक बाग तपासली तर सगळ्या पास, आणि शेजारच्या वाडीची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. शिवाराचं पाणी शिवाराच्या पातळीवरच मोजायला लागतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत, ग्रामपंचायत आहे. पण युरोपच्या खरेदीदाराला ग्रामपंचायत दिसत नाही, त्याला फक्त प्रमाणपत्रावरचा तेरा आकडी नंबर दिसतो.

तेव्हा, करार झाला म्हणून काय बदलेल? ब्रिटनचं शुल्क कमी झालं की तो पैसा वाचेल. तो शेतकऱ्याच्या दरात येतो, निर्यातदाराकडे राहतो की लंडनच्या फळीवर सवलत म्हणून वाटला जातो, ते करारात लिहिलेलं नसतं. ते जानेवारीत, सौदा ठरताना ठरतं, आणि त्या सौद्याला कुठलाच राजदूत नसतो. आमच्या गटात यंदा दोन गोष्टी मागायचं घाटतंय: पाण्याच्या जादा ऑडिटचा खर्च दरापासून वेगळा मिळावा, आणि सगळ्या शिवाराच्या विहिरींची नोंद एकत्र दिली तर खरेदीदाराने ती ग्राह्य धरावी. दुसरी मागणी ऐकून एक निर्यातदार हसले. पहिली ऐकून हसले नाहीत, हिशेबाचा कागद मात्र मागून घेतला.