तुम्ही विचारलंत म्हणून: समोरच्यांचा कॅमेरा आणि आपलं दार

‘समोरच्या बिऱ्हाडाने दारावर कॅमेरा बसवलाय आणि त्यात आमचं दार येतं. बोलायला गेलं की म्हणतात, तुम्हाला लपवायचंय काय? आता काय करायचं?’ फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आपणच जरा जास्त करतोय असं वाटत असतं, म्हणून आधी एवढं सांगतो की तुम्हाला वाटणारी अस्वस्थता खरी आहे. दाराच्या चित्रणात गुपित काही नसतं, पण घराचं वेळापत्रक असतं. मुलगी शाळेतून किती वाजता एकटी येते, आजी दुपारी घरात एकट्या कधी असतात, सुट्टीत किती दिवस कुलूप होतं, कोण पाहुणा रात्री उशिरा गेला. हे सगळं दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये तारीखवार साठत जातं. ते कुणाकडे नसावं असं वाटणं अगदी रास्त आहे.

तरी ‘कॅमेरा काढा’ या वाक्याने सुरुवात करू नका. समोरच्याची भीतीही खरी असते, आणि तिथे एकदा अबोला धरला की पुढचं सगळं अवघड होतं. त्याऐवजी म्हणा, ‘तुमच्या मोबाइलवर आमचं दार कसं दिसतं ते जरा दाखवता का?’ खालून कॅमेऱ्याकडे बघून त्याला काय दिसतं याचा अंदाज कुणालाच येत नाही. तुमच्याकडे तोंड करून असलेल्या कॅमेऱ्यात फक्त समोरचं पायपुसणं दिसत असेल, आणि भलतीकडे वळलेल्या कॅमेऱ्यात तुमचं स्वयंपाकघरापर्यंतचं घर दिसत असेल. ते लेन्सवर ठरतं. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास २.८ मिलिमीटरची लेन्स येते. तिची आडवी नजर साधारण १०० अंशांची असते. ४ मिलिमीटरची ८० ते ८५, आणि ६ मिलिमीटरची ५० अंशांच्या आसपास. आकडा वाढला की नजर अरुंद होते. दुकानदार २.८ देतो कारण ‘सगळं दिसतं’, आणि दारासमोर दार असलेल्या पॅसेजमध्ये तीच अडचण असते.

पुढचा गैरसमज फार पसरलेला आहे: ‘कॅमेरा खाली झुकवला, आता तुमचं दार येत नाही.’ हिशेब करून बघा. चौकटीवर साडेसात फुटांवर २.८ ची लेन्स, पॅसेज सहा फुटी, कॅमेरा ४५ अंश खाली झुकवलेला. या लेन्सची उभी नजर ५५ ते ६० अंशांची, म्हणजे वरची कड आडव्या रेषेच्या जेमतेम १६ अंश खाली राहते. समोरच्या दारावर ती कड पावणेसहा फुटांवर पडते, म्हणजे जवळजवळ अख्खं दार आत आलं. तोच कॅमेरा ६५ अंश झुकवला तर कड तीन फुटांवर येते. मग त्यांच्या दाराशी उभ्या माणसाचा चेहरा वरून दिसतो. ओळख पटते, पण डोक्यावर टोपी असेल तर पटत नाही. ही तडजोड त्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर आठवड्याने कॅमेरा पुन्हा वर येतो.

याहून चांगली जागा चौकटीवर नाही, बाजूला आहे. त्यांच्याच भिंतीवर दारापासून पाच फूट लांब, ६ मिलिमीटरची लेन्स, आणि नजर भिंतीलगत, पॅसेजकडे फार तर १० अंश वळलेली. मग त्यांच्या दाराशी आलेला माणूस बाजूने दिसतो आणि नेमकं समोरचं दार नजरेबाहेर राहतं. त्यासाठी लागते दोन-तीन मीटर जादा वायर आणि दोन भोकं. बसवणारा कंटाळा करतो, म्हणून दार उघडलं की हाताला येईल तिथे स्क्रू मारलेला असतो.

जागा बदलणं जमत नसेल तर प्रायव्हसी मास्क. बहुतेक डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात) आणि चांगल्या वायफाय कॅमेऱ्यांत ही सोय असते. सेटिंगमध्ये चित्रावर चौकोन आखायचा, तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्येही काळा राहतो. तुमच्या दाराच्या आकाराचा चौकोन आखायला सांगा आणि मग चारदा तपासा: थेट चित्रात, जुनं रेकॉर्डिंग लावून, मोबाइलवरच्या कमी दर्जाच्या चित्रात, आणि रात्री दिवे मालवून. इथे एक मोठा खड्डा आहे. गोल फिरणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत मास्क बरेचदा चित्राला चिकटलेला असतो, जागेला नाही. कॅमेरा फिरला की काळा चौकोन कोऱ्या भिंतीवर जातो आणि तुमचं दार उघडं पडतं. म्हणून पॅसेजमध्ये फिरता कॅमेरा नकोच, यावर मी अडून बसेन. शिवाय कॅमेरा रीसेट केला की मास्क पुसला जातो, आणि तसं झाल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आवाजाकडे तर कुणी बघतच नाही. वायफाय कॅमेऱ्यात माइक असतो आणि बहुधा चालूच येतो. मास्क चित्र झाकतो, बोलणं झाकत नाही. दाराशी उभं राहून मुलीच्या स्थळाबद्दल, सासऱ्यांच्या ऑपरेशनबद्दल, पैशांच्या ओढाताणीबद्दल जे बोललं जातं ते शब्दन्‌शब्द रेकॉर्ड होतं. चोर पकडायला आवाज लागत नाही. अ‍ॅपमध्ये माइक बंद करायला अर्धा मिनिट लागतो. एकच गोष्ट मागायची असेल तर मी आधी ही मागेन.

आता साठवण. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी भरतो. १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस, मग जुनं पुसून त्यावर नवं. शेजारी कार्डच वापरत असतील तर तुमचं चित्रण आठवड्यात आपोआप जातं, हे कळलं की बरंच हलकं वाटतं. सोसायटीच्या आठ कॅमेऱ्यांना १५ दिवसांसाठी ४ टीबीची डिस्क पुरते. त्याहून जास्त दिवस ठेवायचा आग्रह कशासाठी, हे सभेत विचारा. काही घडलं तर तेवढा तुकडा त्याच आठवड्यात वेगळा काढून ठेवता येतो.

पण शेजाऱ्याच्या हेतूपेक्षा मला काळजी वाटते ती पासवर्डची. कॅमेरेवाला बरेचदा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड टाकतो आणि अ‍ॅपची नोंदणी स्वतःच्या नंबरावर करतो. काम संपतं, पैसे चुकते होतात, पण दार त्याच्या मोबाइलवर दिसतच राहतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिला रुग्णांचं चित्रण इंटरनेटवर विकलं गेलं. त्या तपासात लातूर आणि सांगलीकडच्या तरुणांनाही अटक झाली. तिथला पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ अशा धर्तीचा होता. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. तेव्हा शेजाऱ्यांना हे त्यांच्याच भल्यासाठी सांगा: नोंदणी स्वतःच्या नंबरावर घ्या, पासवर्ड बारा अक्षरांचा करा, ‘शेअर केलेले’ यादीतले ओळखीचे नसलेले नंबर काढा. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये मागच्या कमिटीतल्यांचे मोबाइल अजून जोडलेले सापडतात. नवी कमिटी आली की त्याच आठवड्यात पासवर्ड बदलावा.

कायद्याचं विचाराल तर दाराच्या कॅमेऱ्याला नेमकं लागू पडेल असं सोपं कलम नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं ७७ ही कलमं शरीराच्या खासगी भागांच्या किंवा स्त्रीच्या खासगी क्षणांच्या चित्रणासाठी आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे. मात्र २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, एका घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तुमच्या हातातलं जवळचं साधन त्याहून साधं आहे: पॅसेज सामाईक जागा आहे. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सभेत ठराव मागा की सामाईक जागेतला खासगी कॅमेरा फक्त स्वतःचं दार दाखवेल, माइक बंद असेल, आणि फुटेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं जाणार नाही. शेवटची अट गाळू देऊ नका. कुरिअरवाल्याचा, कामाला येणाऱ्या मावशींचा चेहरा ‘हे कोण?’ म्हणून दीडशे जणांच्या ग्रुपवर फिरतो, आणि त्यांना ते कळतही नाही.

कॅमेऱ्यावर टेप लावणं, तो वाकवणं, त्यावर लेझर मारणं यातलं काहीही करू नका. नुकसानीचा आरोप तुमच्यावर येईल, आणि करतानाचं चित्रणही त्यांच्याकडे असेल. ठराव होईपर्यंत सेफ्टी डोअरच्या आतल्या बाजूला वरच्या कडेशी रॉड घालून जाड पडदा लावा. फिकट, विरळ कापड नको. घरात दिवा आणि पॅसेजमध्ये अंधार असेल तर त्यातून आतली माणसं सावलीसारखी दिसतात. लावून झाला की संध्याकाळी दिवे लावून, पॅसेजमध्ये उभं राहून एकदा स्वतःच्या मोबाइलने फोटो काढून बघा.