बारा हजारात जुनं मशीन परत पळवलं, माझा अनुभव

मशीन म्हणजे माझा गेमिंगचा कॉम्प्युटर, २०१५ चा, इंजिनीअरिंगला असताना बाबांच्या मागं लागून घेतलेला. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्डडिस्क आणि जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड. त्या वेळी कॉलनीत माझी कॉलर टाइट होती. आता जीटीए ५ गेम लावला की पाच मिनिटात फॅन असा ओरडायचा की आई आतनं विचारायची, "गिरण लावलीस काय रे?"

बेळगावच्या खडेबाजारात एका दुकानात नेलं तर अण्णानं झाकण पण न उघडता सांगितलं, "इदरल्ली एन इल्ल री (यात काही उरलं नाही). नवं घ्या सार, पस्तीस हजारात बसवून देतो." माझ्याकडं होते बारा. घरी आलो.

मग ठरवलं की आधी दुखतंय कुठं ते बघायचं. आफ्टरबर्नर (कशावर किती ताण येतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून गेम चालवला तर कार्ड ९९ टक्के, कार्डाची २ जीबी मेमरी (व्हीरॅम) फुल्ल, टास्क मॅनेजरला डिस्क शंभर टक्के, आणि प्रोसेसर ९४ डिग्रीला. कॅबिनेट गच्चीवर नेऊन उघडलं तर आत अनगोळची दहा वर्षांची तांबडी धूळ, हीटसिंकवर अक्षरशः पापड जमलेला. ब्रशनं आणि ब्लोअरनं झाडलं (फॅन बोटानं धरून, नाहीतर हवेनं गरगर फिरून बेअरिंग जातं), प्रोसेसरवरचा जुना वाळलेला थर्मल पेस्ट पुसून नवा लावला, अडीचशे रुपये. टेंपरेचर ६८. निम्मं काम तिथंच झालं असं मला तरी वाटतं.

२,७०० ला ५०० जीबीची एसएसडी घेतली, पण बसवून स्पीड टेस्ट केली तर सेकंदाला २७० एमबीच्या वर जाईना. एक अख्खी संध्याकाळ एसएसडीला शिव्या घातल्या. शेवटी बोर्डाचं पुस्तक काढलं तेव्हा कळलं की एच८१ वर डिस्क जोडायच्या चार साटा पोर्टपैकी दोनच वेगवान साटा ३ चे असतात, बाकीचे दोन जुने, हळू, आणि मी बरोबर जुन्यातच खुपसली होती. वायर दुसऱ्या पोर्टात घातली, ५३० आलं. रॅमची दुसरी ८ जीबी स्टिक जुन्यातली ८०० ला मिळाली. या बोर्डाला दोनच स्लॉट आणि १६ च्या वर चालत नाही, म्हणजे तो विषय संपला, पण ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम चालणं) झाल्यामुळं फरक चांगला जाणवला.

आता कार्ड. कोल्हापूरचा एक पोरगा आरएक्स ५८० ८ जीबी साडेपाच हजारला विकत होता. कुरिअर नको, चालू मशीनवर बघून घेणार म्हटलं आणि रविवारी सकाळी सीबीटी बसस्टँडवरनं बस धरली. निपाणी, कोगनोळी टोल करत पोचलो, त्याच्या घरी बसून आधी जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं. शेडर्स, म्हणजे कार्डातली गणित करणारी युनिटं, २०४८. खऱ्या ५८० ला २३०४ असतात, हे २०४८ एसपी म्हणून वेगळंच व्हेरियंट, थोडं कमी ताकदीचं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं बिचाऱ्याला. वीस मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारी टेस्ट) चालवला, स्क्रीनवर ठिपके-रेघा काही आल्या नाहीत, साडेचार हजारात सौदा झाला. बसभाडं आणि मिसळ मी बजेटात धरत नाही.

खरी मजा इथनं पुढं. जुन्या ७५० टीआयला वेगळी वायर लागतच नव्हती, ते साठ वॅटचं कार्ड, स्लॉटमधनंच भागायचं. ह्याला ८ पिनची वेगळी पॉवर वायर पाहिजे आणि माझ्या कॅबिनेटबरोबर आलेल्या फुकटच्या पॉवर सप्लायला ती पिनच नाही. मित्र म्हणाला, "शंभर रुपयाचं कन्व्हर्टर लाव की बे, काय करूलास उगं विचार?" नाही लावलं. ३,६०० घालून ५५० वॅटचा ब्रॉंझ रेटिंगवाला सप्लाय घेतला. मनाला सगळ्यात जड गेलेला खर्च हाच, कारण यानं गेमचा एक एफपीएस (सेकंदाला फ्रेम) वाढत नाही, पण दीडशे वॅट ओढणारं कार्ड असल्या डब्यावर लावून बोर्ड जाळायचा धंदा कुणी सांगितलाय.

तरी कार्ड बसेना! हार्डडिस्कचा पिंजरा मधे येतोय, आणि तो रिवेट मारलेला. उद्यमबागला मामाच्या वर्कशॉपला गेलो. बोर्ड आधी बाहेर काढला, कारण ड्रिलचा कीस आत पडला की शॉर्टच. मामानं चार रिवेट दोन मिनिटात उडवले आणि विचारलं, "एवढ्यासाठी कोल्हापूरला गेलतास?" हार्डडिस्क आता तळाला डबल टेपनं चिकटवलीय.

सेफ मोडमधे डीडीयू या सॉफ्टवेअरनं जुन्या कार्डाचे ड्रायव्हर उडवले, नवे टाकले, पहिल्या झटक्यात चालू. एकूण ११,८५०. जीटीए आता हाय सेटिंगवर साठ एफपीएसला लॉक करून खेळतोय, आई गिरणीचं नाव काढत नाही. विंडोज ११ काही यावर अधिकृतपणे चालत नाही, इंटेलचं आठवं किंवा पुढचं जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) मागतंय, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं बँकेचं काम मोबाईलवर आणि हे मशीन फक्त गेमला.

आफ्टरबर्नर अजून चालूच असतं. आता कार्ड ६० टक्के आणि शहरात गाडी जोरात पळवली की प्रोसेसर शंभर. म्हणजे आता दुखतंय प्रोसेसरला, म्हणून त्याच खडेबाजारच्या अण्णाला सांगून आलोय, कुणाचं जुनं मशीन भंगारात आलं तर त्यातला आय७-४७७० प्रोसेसर बाजूला काढून ठेव म्हणून.